ऐंशी चादरींची चौकशी

बुधवारी दुपारी तीन चाळीसला बाईंनी टेबलावरच्या फोनवरून लाँड्रीत फोन लावला. चूक झाली ती एवढीच. बाकी सगळं नेहमीसारखं होतं.

बाई परिवीक्षा अधिकारी होत्या. शिक्षा संपायच्या आधी अटींवर तुरुंगाबाहेर सोडलेल्या माणसांवर देखरेख ठेवणं हे त्यांचं काम. त्यांच्या कपाटात त्रेसष्ट फायली होत्या. फायलीतला प्रत्येक माणूस दर दुसऱ्या मंगळवारी येऊन हजेरी लावायचा. तो सांगतो त्याच पत्त्यावर राहतो का, सांगतो तिथेच काम करतो का, हे दर तीन महिन्यांनी पडताळून, सुटकेचा निर्णय घेणाऱ्या समितीला कळवावं लागायचं.

पडताळायचं, पण मालकाला कळू द्यायचं नाही, असा नियम होता. मालकाला कळलं की नोकरी जाते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे या ऑफिसातल्या प्रत्येकाने आपापलं एक सोंग ठरवून घेतलं होतं. शेजारच्या टेबलावरचा तरुण अधिकारी विम्याचा माणूस व्हायचा. आणखी एक जण कुरिअरवाला होऊन पत्ता विचारायचा. बाई गिऱ्हाईक व्हायच्या. माणूस गॅरेजात असला की त्यांची गाडी बिघडायची, सुताराकडे असला की त्यांना कपाट करून हवं असायचं. "बाईंच्या घरात आतापर्यंत एकोणीस कपाटं झाली," असं शिपाईकाका म्हणायचे. या फोनांसाठी ऑफिसने एक साधा मोबाइल दिला होता. त्याचा नंबर कुठल्याही सरकारी कागदावर नव्हता, आणि उलटा फोन आला तर ज्याचं सोंग असेल तोच उचलायचा.

त्या बुधवारी मोबाइल बंद पडला होता. चार्जर तरुण अधिकारी चुकून घरी घेऊन गेला होता. अहवाल चार वाजता साहेबांच्या टेबलावर हवा होता, आणि त्यातला एकच रकाना रिकामा होता. घुम्याचा.

घुम्या हे त्याचं घरचं नाव. लहानपणी बोलत नाही म्हणून बहिणीने ठेवलेलं. बाई त्याच्याशी बोलताना 'तुम्ही' म्हणायच्या, पण फाइल काढायला सांगताना त्यांच्याही तोंडी 'घुम्याची फाइल' असंच यायचं. वय एकेचाळीस. मालधक्क्यावर भांडण झालं, त्यात त्याने बरोबरच्या हमालाला ढकललं. हमाल चार फूट खाली डोक्यावर पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. सात वर्षांची शिक्षा झाली. चार वर्षं आठ महिने आत काढल्यावर उरलेल्या काळासाठी घुम्या बाहेर आला होता. राहायला बहिणीकडे. आत तो धुलाईच्या कामावर होता, म्हणून बाहेर आल्यावर पाचव्या आठवड्यात त्याने स्वतःच एका लाँड्रीत काम मिळवलं. तिथे रुग्णालयांच्या चादरी यायच्या. आधी कुठे होतास, असं मालकिणीने विचारल्यावर तो म्हणाला, "सरकारी धुलाईत." हे खोटं नव्हतं, आणि सांगताना तो हसलाही नव्हता.

बाईंनी टेबलावरचा फोन उचलला.

"आमचा लॉज आहे. आठवड्याला ऐंशी चादरी निघतात. भाव काय पडेल?"

"डाग कसले असतात?" मालकिणीने विचारलं. "आमच्याकडे रक्ताचेसुद्धा निघतात, तुमचे काय!"

"लॉजमध्ये असतात तसलेच."

मालकीण हसली. मग भाव सांगितला.

"न्यायला कोण येईल?"

"आमचा माणूस येतो टेम्पोबरोबर. थांबा, बोलावते." तिने मागे वळून हाक मारली. मशिनांच्या घरघरीतून घुम्याचा आवाज आला, "आलो."

बाईंना तेवढंच हवं होतं. विचार करून सांगते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. रकान्यात लिहिलं: नोकरी चालू, वर्तन समाधानकारक. चारला पाच मिनिटं कमी असताना अहवाल गेला.

आपण कुठल्या फोनवरून बोलतोय हे बाईंच्या लक्षात आलं नव्हतं, असं मात्र नव्हतं. आकडे दाबतानाच आलं होतं. एकदा केल्याने काय होतंय, असं त्या मनाशी म्हणाल्या होत्या.

गुरुवारी बाई अकराला ऑफिसात आल्या तेव्हा शिपाईकाकांनी पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता सांगितलं, "सकाळी एक गंमत झाली. कुण्या बाईचा फोन. म्हणे, ऐंशी चादरी कायम देणार असाल तर भाव कमी करते. मी म्हटलं, ताई, हे परिवीक्षा कार्यालय. इथे माणसं धुवायला येतात, चादरी नाही."

"मग?"

"मग गप्पच झाली. परत विचारते, कुठलं कार्यालय? मी नीट सांगितलं. सुटलेल्या कैद्यांचं. पत्तासुद्धा दिला." काका स्वतःवर खूश होते. "सरकारी माणूस तुसडा असतो असं नको वाटायला कुणाला."

"किती वाजता?"

"दहा, सव्वादहा."

बाई पाणी प्यायल्या. लाँड्रीत नवा माणूस एकच होता. मालकिणीला हिशेब जुळवायला कितीसा वेळ लागणार? तरी अजून काही करता आलं असतं. घुम्याला फोन करून सावध करता आलं असतं. स्वतः जाऊन मालकिणीला दोन शब्द सांगता आले असते. पण फोन उचलला की आपण काय केलं ते तोंडाने सांगावं लागणार होतं. आणि कुणास ठाऊक, मालकिणीने राँग नंबर समजून सोडूनही दिलं असेल. बारा वाजता न्यायालयात एक साक्ष होती. बाईंना ते कारण पुरलं. शुक्रवारी दुसरं कारण मिळालं. शनिवार-रविवार सुट्टीच होती.

मंगळवारी घुम्या नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी आला. बाहेरच्या बाकावर बसला. नाव पुकारल्यावर आत आला आणि खुर्ची ओढताना तिचा आवाज होऊ दिला नाही. ही आतली सवय. ब्लीचने त्याच्या बोटांची कातडी सोललेली होती.

"गुरुवारी काढलं मला," तो म्हणाला.

"कशामुळे?" बाईंनी विचारलं. विचारायला नको होतं, पण रकाना तोच होता.

"दुपारी मालकिणीने आत बोलावलं. म्हणाली, तू कुठून आलायस ते मला कळलंय, खरं का? मी म्हटलं, खरं. म्हणाली, उद्यापासून येऊ नकोस. मी चालू मशीन रिकामं केलं आणि आलो."

"कुठून कळलं ते विचारलं नाहीत?"

"ते काय विचारायचं." तो थोडा थांबला. "दाजींनी सांगितलं."

"तुमच्या बहिणीच्या नवऱ्याने? असं कशावरून?"

"त्यांची गाडी त्याच रस्त्याला उभी असते. समोरच्या टपरीवर चहा घेतात. मी घरात आल्यापासून त्यांच्या कपाळाची आठी गेलेली नाही." एरवी एका हजेरीत तो दहा वाक्यं बोलायचा नाही. "आणि मॅडम, माहीत होतं कुणाला? तीन माणसांना. ताईला, दाजींना आणि तुम्हाला. ताई सांगणार नाही. तुम्ही सांगणार नाही. उरलं कोण?"

बाई रजिस्टरकडे बघत होत्या. हीच वेळ होती. शेजारच्या टेबलावर तरुण अधिकारी कुणाला तरी विम्याचा हप्ता समजावून सांगत होता. दाराशी पुढचा माणूस उभा होता.

"असा एकदम कुणावर आळ घेऊ नये," त्या म्हणाल्या.

"आळ नाही. मी तोंडावर विचारलं त्यांना. नाही म्हणाले. मग ताईने विचारलं. तिलासुद्धा नाही म्हणाले. आता ती त्यांच्याशी बोलत नाही."

"हात वगैरे...?"

"नाही," घुम्या म्हणाला. "हात नाही उचलला. तुम्ही विचारणार, ठाऊक होतं मला."

त्याने सही केली आणि गेला. बाईंनी लिहिलं: नोकरी सुटली. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

नोकरी सुटली की ती कळल्यापासून सात दिवसांत समितीला कळवावं लागतं, आणि कारण लिहावंच लागतं. म्हणून बुधवारी बाई लाँड्रीत गेल्या. या वेळी सोंग न घेता.

लाँड्री एका लांबट शेडमध्ये होती. एका बाजूला गाठोडी, प्रत्येकावर रुग्णालयाचा बिल्ला. दुसऱ्या बाजूला तीन मोठी मशिनं, आणि मधोमध रोलरची इस्त्री. तिच्यात दोन बायका दोन्हीकडून चादर सोडत होत्या. तिसरी जागा रिकामी होती. वाफेने चष्मा धुरकटला म्हणून बाईंनी तो काढून हातात घेतला आणि स्वतःची ओळख सांगितली.

मालकिणीने त्यांना पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "चादरी तुमच्याच ना? आवाज ओळखला मी. लॉज कसा चाललाय?"

बाईंनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर ठेवला.

"मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, ऐंशी चादरी कायमच्या मिळाल्या तर अजून एक बाई ठेवता येईल. म्हणून भाव कमी करून फोन केला. हाव नडली, दुसरं काय."

"त्याच्या कामाबद्दल काही तक्रार होती?"

"कामाबद्दल? घडी बघा त्याची." तिने फळीवरच्या थप्पीकडे हात केला. ती अजून तशीच होती. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. "असा माणूस मला परत मिळायचा नाही. पण रुग्णालयाच्या वॉर्डात जातो हो तो, गाठोडी उचलायला. उद्या तिथल्या कुणाला कळलं तर माझं सगळं कामच जाईल. त्याने स्वतः येऊन सांगितलं असतं तर विचार केला असता. ठेवला असताच असं नाही म्हणत. विचार केला असता."

"आम्हीच त्याला सांगितलं होतं, सांगायची गरज नाही म्हणून."

"मग मला तुम्ही दोघांनी मिळून फसवलं," मालकीण म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्याला काढता आलं. तुम्हाला कसं काढू?"

इस्त्रीवरच्या दोघींपैकी एकीने मान वर करून पाहिलं.

"कसं कळलं ते तुम्ही त्याला सांगितलं नाहीत," बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, ठाऊक असेल. तुमचाच माणूस ना तो?"

गुरुवारी सकाळी बाईंनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी दार लोटून घेतलं आणि चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं.

"कुणा कुणाला माहीत आहे?"

"मालकिणीला. आणि आता तुम्हाला."

"मग कारण लिहा: मालकाकडे काम कमी झालं. संपलं. समितीला वाटेल, याच्या हातून काही झालं नाही. दोन-तीन महिने देतील दुसरं काम शोधायला. त्याचंही भलं, तुमचंही."

"मालकीण?"

"तिला कोण विचारायला जातंय? बाई, तुमची तेरा महिन्यांची नोकरी राहिली. अशीच माहिती मालकाकडे फुटल्याबद्दल गेल्या वर्षी आपल्यातल्या एकाला घरी बसवलंय, आठवतंय ना? उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बाईंना ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी तसाच मसुदा टाइप केला आणि सही सोमवारी करू म्हणून टेबलाच्या खणात ठेवला.

शुक्रवारी दुपारी दाजी आले. डिलिव्हरीच्या गाडीवर चालक होते. अंगात कंपनीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बाईंनी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं, पाच महिन्यांपूर्वी, संमतीपत्रावर सही करताना. सुटलेल्या माणसाला घरात ठेवायला घरमालकाची किंवा भाडेकरूची लेखी संमती लागते. ती नसेल तर पत्ता नाही, आणि पत्ता नसेल तर उरलेली शिक्षा आत.

"ती सही मला परत घ्यायची आहे," दाजी म्हणाले.

"बसा."

"गाडी डबल पार्किंगला आहे." तरी ते बसले. "मॅडम, पाच महिने आम्ही तीन माणसं दोन खोल्यांत काढतोय. तक्रार केली नाही असं नाही. केली. पण घरात केली, आपल्या बायकोपाशी. बाहेर चकार शब्द नाही. आणि मी सांगेन कशाला? मेहुणा माणूस मारून आलाय, हे काय मिरवायचंय मला?"

"नाही."

"पण घरात आता मी खोटारडा. बायको ताट वाढते आणि आत जाते. काल म्हणाली, तुमच्या पोटात एक, ओठांत एक. ओठांत काही नव्हतंच हो माझ्या. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं चाललंय. तो कोपऱ्यात बसून नुसता बघतो माझ्याकडे. काही बोलत नाही. बोलला असता तर परवडलं असतं." त्यांनी खिशातलं एक पेन काढलं. "बायको म्हणेल, मी तिच्या भावाला आत पाठवला. म्हणू दे. नाहीतरी म्हणतेच आहे. कुठे सही करायची?"

"फॉर्म संपलेत," बाई म्हणाल्या. "सोमवारी या."

खणात, टाइप केलेल्या मसुद्याच्या खाली, सतरा फॉर्म होते. दाजी गेल्यावर बाईंनी ते मोजले.

साहेबांनी सांगितलेलं कारण समितीला चाललं असतं. त्या घरात ते चालणार नव्हतं. काम कमी झालं म्हणून काढलं असं मालकीण म्हणाली नव्हती, हे घुम्याला ठाऊक होतं. कागदावर काहीही लिहिलं तरी त्याच्या हिशेबात सांगणारा माणूस एकच उरत होता, आणि तो माणूस सोमवारी येऊन सही परत घेणार होता. मग गुरुवारी समिती बसेल आणि घुम्याला उरलेल्या मुदतीसाठी आत पाठवेल. एक वर्ष अकरा महिने.

रविवारी अकरा वाजता बाई त्यांच्या घरी गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार ताईने उघडलं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रविवारीच घरी असायची. दाजी खिडकीपाशी खुर्चीत होते. घुम्या आतल्या खोलीच्या उंबऱ्याजवळ जमिनीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. तिघांच्या मध्ये एक टेबल होतं आणि त्यावर तीन वेगवेगळ्या वेळी प्यायलेले तीन कप.

"घरभेट आहे का?" ताईने विचारलं. "रविवारी?"

"घरभेट नाही."

"मग बसा तरी. चहा टाकते."

"चहा नको. आधी ऐकून घ्या." बाई बसल्या. आयुष्यभर त्या दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या की जे घडलं ते घडलं त्या क्रमाने सांगा. त्यांनी तसंच सांगितलं. मोबाइल बंद होता, टेबलावरच्या फोनवरून फोन केला, लॉजवाली झाले, दुसऱ्या दिवशी मालकिणीचा उलटा फोन आला, शिपायाने उचलला. चार-पाच वाक्यांत संपलं.

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"म्हणजे मी नाही," दाजी म्हणाले.

"नाही. तुम्ही नाही."

"आठ दिवस सगळे म्हणतायत तर मला वाटायला लागलं होतं, झोपेत बोललो की काय गाडीत." ते हसायला गेले, पण कुणी साथ दिली नाही म्हणून राहिले. ताई त्यांच्याकडे बघत होती. ते तिच्याकडे बघत नव्हते.

घुम्याने हातातला शर्ट मांडीवर ठेवला. "उलटा फोन कधी आला?"

"गुरुवारी. सकाळी दहाला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"अकराला."

"मला दुपारी तीनला काढलं."

"हो."

"आणि मंगळवारी मी आलो. समोर बसलो. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"दाजींचं नाव घेतलं मी. तेव्हाही."

"हो," बाई म्हणाल्या. दुसरं काही म्हणायची त्यांची तयारी होती, दोन वाक्यं जिन्यात जुळवूनही ठेवली होती. ती त्यांनी म्हटली नाहीत.

ताई पुढे झाली. "मॅडम, मी या माणसाला काय काय बोलले तुम्हाला ठाऊक आहे का? याच्या आईवरून बोलले."

"असू दे आता," दाजी म्हणाले.

"असू दे कसं?"

"अगं, असू दे म्हटलं ना. लोकांसमोर कशाला."

घुम्या उठून टेबलापाशी आला. "तुमच्याकडे तो कागद असतो," तो म्हणाला. "आमच्या हातून काही झालं की लिहून घेता तो. घडलेला प्रकार, स्वतःच्या शब्दांत. आहे का आता?"

बाईंच्या पिशवीत ते कागद कायम असायचे. त्यांनी एक काढला.

"लिहा," तो म्हणाला.

बाईंनी कप बाजूला सारून लिहिलं. बारा ओळी झाल्या. खाली सही, तारीख, वेळ. कागद त्यांनी त्याच्याकडे फिरवला. तो वाचायला सावकाश होता. ओठ हलवत वाचायचा. चौथ्या ओळीवर त्याने बोट ठेवलं. तिथे 'अनवधानाने' असं लिहिलं होतं.

"हे काय?"

"म्हणजे... लक्ष नसताना."

"लक्ष नव्हतं?"

बाईंना बुधवारचा फोन आठवला, आकडे दाबणारं स्वतःचं बोट आठवलं. "होतं," त्या म्हणाल्या.

"पहिल्या महिन्यात तुम्ही मला माझं लिहायला लावलं. धक्क्यावरचं. मी लिहिलं, चुकून धक्का लागला. तुम्ही ते खोडलं. परत लिहायला लावलं. मी परत चुकून लिहिलं. तीन वेळा. चौथ्यांदा नुसतं लिहिलं, मी ढकललं." तो हे सगळं आवाज न चढवता बोलत होता. "तेव्हा तुमचा राग आला होता. मग नाही आला. ते लिहिल्यावर मला झोप लागायला लागली."

बाईंनी शब्द खोडला आणि बाजूला लिहिलं: घाई होती आणि एकदा केल्याने काही होणार नाही असं वाटलं, म्हणून नियम माहीत असताना. त्यापुढे आणखी एक ओळ घातली: गुरुवारी सकाळी कळूनही संबंधिताला सांगितलं नाही, मंगळवारी त्याने दुसऱ्याचं नाव घेतलं तेव्हाही सांगितलं नाही. हे लिहायला त्याने सांगितलं नव्हतं. पुन्हा सही केली.

घुम्याने वाचून कागद परत दिला. "दाजी," तो म्हणाला. पुढे काही म्हणाला नाही. दाजींनी मान हलवली आणि खाली स्कूटर सुरू होत नव्हती तिच्याकडे बघत राहिले. "चोक देतोय लेकाचा सारखा," ते म्हणाले. "पाणी होणार त्या प्लगचं."

बाई निघाल्या तेव्हा ताई दारापर्यंत आली. पण 'या' म्हणाली नाही.

सोमवारी दाजी ऑफिसात आले नाहीत. दहा वाजता बाईंनी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी दोनदा वाचला.

"हा मागे घ्या. मी पाहिला नाही असं समजतो."

"नको."

"त्या माणसाने लिहून घेतलं की काय?"

"त्याने मागितलं. लिहिलं मी."

"बाई, समितीला हे कळल्यावर त्याला तीन महिने मिळतील. ते तर माझ्या कारणानेही मिळाले असते."

"पत्ता राहिला नसता," बाई म्हणाल्या.

गुरुवारी समितीने घुम्याला दुसरं काम शोधायला तीन महिने दिले. पत्ता कायम राहिला. बाईंना कारणे दाखवा नोटीस निघाली, आणि चौकशी संपेपर्यंत त्यांनी हाताळायच्या फायलींतून घुम्याची फाइल निघून शेजारच्या टेबलावर गेली.

त्यानंतरच्या हजेरीच्या मंगळवारी तो दहा मिनिटं आधी आला आणि तरुण अधिकाऱ्यासमोर बसला. दोन टेबलांत चार हातांचं अंतर होतं. बाईंकडे त्याची पाठ होती.

"काम?" तरुण अधिकाऱ्याने विचारलं.

"बघतोय. दोन ठिकाणी गेलो."

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. मी आधीच सांगितलं, कुठून आलोय ते."

"सांगायची गरज नसते तुम्हाला. नियम तसा आहे. आम्ही पडताळणी करतो ना, ती त्यांच्या लक्षातसुद्धा येत नाही."

तरुण अधिकाऱ्याला एकदम काही आठवलं असावं. त्याने बाईंच्या दिशेला न बघण्याची काळजी घेतली आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

"सांगूनच बघतो," घुम्या म्हणाला. "दोन झाले. अजून बरीच दुकानं आहेत."

त्याने सही केली, खुर्ची आवाज न करता मागे सरकवली आणि गेला. दार लोटलं गेल्यावर तरुण अधिकाऱ्याने हळूच विचारलं, "मॅडम, अशाला कुणी ठेवेल का हो, सांगून?"

बाईंनी समोरची फाइल उघडली. त्यातला माणूस एका सुताराकडे कामाला होता आणि पडताळणी या आठवड्यात करायची होती. मोबाइल चार्ज होता, खणात होता. बाईंनी खण उघडला, आणि बराच वेळ तो तसाच उघडा राहिला.